चॅनेल कोणी बदललं

४ एप्रिल

चि. साहेबांस,

ताईचे आशीर्वाद, शिल्लक असतील तेवढे.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पत्र लिहितेय कारण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि तुझ्या हुंकारांमागे कुठल्या तरी मॅचचा समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत असतो. गेल्या रविवारी मी सांगत होते की बाबा न्हाणीघरात घसरले, तर तू म्हणालास, "क्या बात है!" ते बाबांसाठी नव्हतं एवढं मला कळलं. तेव्हा म्हटलं कागदावरच बोलावं. कागद वाचताना निदान मान तरी खाली घालावी लागते.

गेल्या वर्षी आठ दिवस आलास, गच्चीवर डिश बसवलीस, टीव्हीखाली तो काळा डबा ठेवलास आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं जाहीर केलंस, की ही बाबांना भेट. त्या डब्याला स्वतःचा फोन जोडून घेतलास, हे मला महिन्याने कळलं. म्हणजे डिश आमच्या गच्चीवर, धूळ मी पुसायची, आणि बघणार तू, दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब बसून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. चॅनेल बदलणारा तू पहिलाच.

गेले दोन-तीन महिने तर ताळतंत्रच सुटलंय. शेवटी मी डिशच्या दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, डबा एक आणि त्याला एका वेळी एकच चॅनेल पकडता येतं. तिकडे फोनवर जे लावतील ते इकडे दिसणार, इकडे रिमोट दाबलात की तिकडे बदलणार. रेकॉर्ड केलेलं मात्र त्यांनी खुशाल बघावं, त्याने तुमचं काही जात नाही." हे त्याने दोन मिनिटांत सांगितलं. तुला आठ दिवसांत सांगायला सुचलं नाही. डब्यात तुझ्या एकसष्ट मॅच साठवलेल्या आहेत. कोण जिंकलं ते जगाला माहीत आहे, तरी जपून ठेवल्या आहेस. तर त्या बघ. चालू चॅनेलला हात लावू नकोस.

बाबांचं कसं चाललंय ते तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. उजवी बाजू गेली ती गेली. तोंडातून "हो", "नाही" आणि "चहा" एवढंच निघतं. चौतीस वर्षं ज्या माणसाने गावाच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्याला खुर्चीतून पलंगावर जायचं तर मी उचलते. सकाळी मी त्यांना हवामान लावून देते. पाच मिनिटांत हवामान गायब आणि एक बाई केकवर गुलाब काढत असते. मी चिडते. बाबा चिडत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ बघतात, उशीखालून वही काढतात आणि डाव्या हाताने काहीतरी खरडतात. तुला शिव्याच असणार.

आता मुद्दा. बाबांना उचलून उचलून मला हर्निया झालाय. १७ जूनला ऑपरेशन. नंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं सर्जनबाईंनी बजावलंय, आणि बाबा बादलीपेक्षा जड आहेत. तू १५ जूनला यायचंस आणि सहा आठवडे राहायचंस. विचारत नाहीये, कळवतेय.

तुझी
ताई


१५ एप्रिल

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. आमच्या इमारतीच्या वॉचमनला पत्रपेटीची किल्ली शोधायला अर्धा तास लागला. आजकाल कोणी पत्र लिहितं का? एक साधा मेसेज टाकायचा होतास. पण तू अजून टाइपरायटरला तेल घालत बसलेली, तुला काय सांगणार.

तांत्रिक भाग सोपा करून सांगतो. याला जग प्रगती म्हणतं. घरचा टीव्ही माणसाच्या खिशात, मग तो कुठेही असो. तुमच्या त्या दुकानदाराला स्क्रू पिळण्यापलीकडे काही कळत नाही. अडचण डब्याची नाही, वापरणाऱ्यांची आहे. तू डबा झोपताना बंद करतेस, तो बंद करू नकोस, माझं रेकॉर्डिंग चुकतं. आणि चालू चॅनेल मी बघतो ते कामाच्या रगाड्यात पाच-दहा मिनिटं, डोकं हलकं करायला. तेवढ्याने हवामान काही पळून जात नाही.

उलट तक्रार मला करायची आहे. बाबा खेळ करतात. मी काहीही लावलं की चॅनेल निघून जातं, परत येतं. पुन्हा जातं, पुन्हा येतं. बरोबर तीन वेळा. फेब्रुवारीपासून रोज चाललंय. माणूस घटकाभर बसला की यांनी उठवायलाच हवं का? त्यांच्या हातात रिमोट देत जाऊ नकोस.

जूनचं अजिबात जमणार नाही. माझ्या हाताखाली बेचाळीस माणसं आहेत. खोकी बनवायची तीन यंत्रं नवी आलीत, चौथं बंदरात आहे, २० जूनला परदेशी मंडळी यायची आहेत, एकोणीस जणांची यादी माझ्याच टेबलावर पडलीय. अशा वेळी मी सुट्टी मागितली तर लोक हसतील. एखादी चांगली नर्स बघ. आजकाल सगळ्याला माणसं मिळतात. भावनेच्या भरात न जाता व्यवस्थित विचार केलास तर तुलाही पटेल.

काळजी घे. बाबांना नमस्कार.

तुझा
भाऊ


२२ एप्रिल

चि. बेचाळीस माणसांच्या साहेबांस,

रिमोट काढून घेतला. सुपुत्राची आज्ञा, मोडून कसं चालेल? बाबांनी डाव्या हाताने घट्ट धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. तो आता स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे आहे. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे पाठ केली आहे आणि खाताना तोंड मिटून घेतात. तू खूष असशील.

नर्स बघितली. बाबांनी तिच्या अंगावर दूध उडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा "नाही" हा शब्द सलग नऊ वेळा म्हणाले. ती गेली.

आता तुझ्या कामाच्या रगाड्याविषयी. बाबांची वही मी बघितली. मला वाटलं तशीच आहे, तुझी तक्रारवही. बिचाऱ्यांनी रकाने आखून तारीखवार लिहिलंय. वेळ, चॅनेलचा नंबर, पुढे एखादा शब्द. अक्षर कोंबडीचे पाय, पण मी सव्वीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते, मला कोणाचंही अक्षर लागतं. ऐक.

मंगळवार, १४ जानेवारी. सकाळी १०.१० ते दुपारी ४.४०. आठ चॅनेल. बुधवार, १०.०५ ते ४.५०. अकरा चॅनेल. गुरुवार, तसंच. शनिवार-रविवारी मात्र काही नाही, नाहीतर एखादी मॅच. सोमवारी पुन्हा दहाला हजर. यालाच पाच-दहा मिनिटं म्हणतात का तुमच्या कंपनीत? बेचाळीस माणसं खोकी करतात आणि त्यांचे साहेब खुर्चीत रेलून केक, मासेमारी आणि जुन्या कपाटांचे लिलाव बघतात. पगार खातोस की गवत? आणि असला माणूस मला लिहितो, सुट्टी मागितली तर लोक हसतील. अरे, न मागता रोजच घेतोयस की.

एक गोष्ट तुला कोर्टातली सांगते. खरं बोलणारा साक्षीदार म्हणतो, "पुष्कळ लोक होते." खोटं बोलणारा म्हणतो, "एकोणीस होते." तुझ्या पत्रात बेचाळीस, तीन, चौथं, वीस आणि एकोणीस आहेत. तुला यायचं नाही, एवढं साधं वाक्य लिहायला माणसाला इतकी यंत्रं बंदरात आणावी लागतात!

बाबांचं डोकंही आता भरकटायला लागलंय असं दिसतं. जानेवारी संपता संपता एका ओळीपुढे लिहिलंय, "अडकली. आत माणूस आहे." फेब्रुवारीपासून रोज अकराच्या सुमाराला, "तीन ठोके. उत्तर नाही." त्यांना वाटतंय ते अजून ड्यूटीवर आहेत. वाचून मला गलबलून आलं. तुला येणार नाही, पालथ्या घड्यावर पाणी. पण सांगायचं माझं काम होतं.

१५ जून लक्षात ठेव.

ताई


२९ एप्रिल

ताई,

वा. बाप आणि लेक, दोघं मिळून माझ्या मागे वही घेऊन बसलात. मी काय घोटाळ्यातला आरोपी आहे? टीव्ही बघितला म्हणून जन्माच्या कुंडल्या मांडताय. तुझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भानगडी टाइप करण्यात गेलं, आता घरी तेच सुरू केलंस.

आणि माहितीसाठी, ते मी बघत नव्हतो. मुलगी बघते. माझा जुना फोन तिच्याकडे असतो.

तरीही तुमच्या हवामानात व्यत्यय नको म्हणून फोनवरून ते अ‍ॅप मी काढून टाकलंय. एकसष्ट मॅचही पुसून टाक. डबाही हवा तर गच्चीवरून खाली फेक. आता तुमचं चॅनेल कोणी बदलणार नाही. समाधान झालं?

यापुढे मला पत्र लिहू नकोस.

भाऊ


२३ मे

चि. धाकट्या,

लिहू नकोस म्हणालास म्हणून चोवीस दिवस लिहिलं नाही. त्यातले वीस मी फुशारकीत घालवले. चॅनेल हलत नव्हतं. हवामान सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवामानच राहायचं. म्हटलं, जिंकलो.

बाबा मात्र त्या पडद्याकडे असे बघायचे की मला खोलीत जाववत नव्हतं. वहीत रोज तारीख घालत, पुढे रेघ. नुसती रेघ. दोन घास खात, तेही मी रागावले की. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, शरीरात नवीन काही नाही.

परवा ब्रेककाका आले. आठवतात ना, बाबांचे कामावरचे जोडीदार, एक पाय ओढत चालायचे, आपण त्यांच्या नकला करायचो. मी त्यांना बाबांची वही दाखवली. खरं सांगायचं तर तुझी अब्रू काढायलाच दाखवली. म्हटलं, बघा, मुलाने असं छळलं की बापाने तक्रारवही ठेवली.

काकांनी चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचायला लागले. मध्येच बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "हो."

"पोरी, ही तक्रारवही नाही," काका म्हणाले. "ही कॉलवही आहे. आम्ही कामावर ठेवायचो तीच. वेळ, मजला, बिघाड, सुटका. हे मजल्याच्या रकान्यात चॅनेल लिहिलंय बघ. आणि हा शेवटचा रकाना सुटकेचा, तो जानेवारीपासून कोरा आहे."

मी म्हटलं, "काका, पण ही लिफ्ट नाही, टीव्ही आहे."

"त्याला कळत नाही का ते? अगं, लिफ्ट नुसती वर-खाली होत राहिली, कुठल्याच मजल्यावर दार उघडलं नाही, तर त्याचा अर्थ काय? आत कोणीतरी घाबरलंय आणि सापडेल ते बटण दाबतंय. केक, मासे, कपाटं, पुन्हा केक. ज्याला बघायचं असतं तो असं बघतो का? तेही कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. तुझ्या बापाने पंधरा दिवस पाहिलं आणि मग लिहिलं. अडकली, आत माणूस आहे."

मग ठोक्यांचं विचारलं. काकांनी समोरच्या टेबलावर तीन वेळा बोट वाजवलं. म्हणाले, "आतला माणूस घाबरलेला असतो. हत्यारं काढायच्या आधी दारावर तीन ठोके द्यायचे. जोरात नाही. नुसतं कळवायचं, बाहेर कोणीतरी उभं आहे. हे मला त्यानेच शिकवलं. आतून ठोके आले की समजायचं, माणूस शुद्धीवर आहे. मग निवांत कामाला लागायचं."

चॅनेल जायचं आणि परत यायचं. बरोबर तीन वेळा. रोज, मी अंघोळीला गेले की. बाबा तुला ठोके देत होते, गाढवा. आणि त्यांच्या हातातून रिमोट तू काढवलास आणि मी काढला.

मी स्वतःला फार हुशार समजत होते. तुझ्या पत्रातली खोटी यंत्रं मोजली आणि तू ती का मोजलीस हे विचारलं नाही. खोट्या साक्षीदाराला जज्जसाहेब एक पाण्याचा पेला तरी द्यायचे. मी तेवढंही केलं नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीची मला लाज वाटली.

आता मी विचारते, आणि मुलीचं नाव मध्ये आणू नकोस. सकाळी दहा ते चार ती शाळेत असते एवढं आत्याला कळतं. तू कुठे बसलेला असतोस? काय झालंय?

रिमोट मी परत दिलाय. बाबा रोज अकराला तीन वेळा दाबतात. तिकडे कोणी नाही हे त्यांना माहीत आहे, तरी दाबतात. ते तुझं अ‍ॅप की काय ते पुन्हा टाक.

ताई


३१ मे

ती. ताई,

तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. आज लिहितोय.

१३ जानेवारीला मला कंपनीने काढलं. माझ्यासकट एकोणीस जणांची यादी होती, ती खरंच माझ्या टेबलावर होती. बाकीच्यांना मीच बोलावून सांगितलं, शेवटी स्वतःची पाळी. बेचाळीस माणसं होती हेही खरं. यंत्रं आली, म्हणूनच माणसं गेली.

घरी सांगितलं नाही. रोज साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन निघतो. वाचनालयाच्या तळघरात वर्तमानपत्रांची खोली आहे, तिथे बसतो. नेट फुकट, कोणी उठवत नाही. माझ्यासारखे अजून चारजण असतात. सगळ्यांचे बूट चकचकीत. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. पाच वाजता उठतो आणि "आज फार दगदग झाली" असं म्हणत घरी जातो. एवढं मोठं खोटं बोलायला किती कमी अक्कल लागते ते बघून मलाच माझी किळस येते. पहिले पंधरा दिवस फोन समोर चालू ठेवून अर्जही केले. मग नुसता फोन काढून बसायला लागलो.

फोनवर दुसरं काहीही बघता आलं असतं. पण घरचा डबा लावला की कोपऱ्यात घरचं घड्याळ दिसतं. हेच चित्र आत्ता बाबांच्या समोर आहे, एवढं माहीत असायचं. त्यांना त्रास होतो हेही माहीत होतं. तरी लावायचो. तेवढीच घरात बसल्यासारखं वाटायची जागा होती. आवाज बंद असायचा, काय चाललंय ते कळायचंही नाही.

आणि मग ते तीनदा जायला-यायला लागलं. ताई, मला वाटलं बाबा मला हाकलतायत. मला वाटलं त्यांना कसं तरी कळलंय आणि ते सांगतायत, ऊठ इथून, कामाला लाग. लहानपणी मी दुपारी लोळत पडलो की ते काठीने पलंगाच्या पायावर असंच वाजवायचे. म्हणून लिहिलं, रिमोट काढ. बापाच्या टीव्हीसमोरूनही हाकललं जावं, एवढंच माझं उरलं होतं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी त्या खोलीत होतो. रडलो. समोरच्या माणसाने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. फार सभ्य लोक असतात तिथे.

मी येऊ शकत नाही असं नाही. मला वेळच वेळ आहे. पण बाबांसमोर काय तोंड घेऊन उभा राहू? चौतीस वर्षांत त्यांनी आजारपणाची सुट्टीसुद्धा तीनदा घेतली असेल. त्यांना यातलं काही सांगू नकोस. अ‍ॅप अजून टाकलेलं नाही. चार वेळा टाकायला घेतलं आणि बंद केलं.

तुझा
भाऊ


९ जून

चि. धाकट्या,

बाबांना सांगू नकोस म्हणतोस. तू सांगायच्या आधीपासून त्यांच्या वहीत आहे, तेही तारीखवार. तुझी अक्कल तळघरातच ठेवून आलास का? मी काही बोलले नाही. त्यांनी पाकिटावरचं तुझं अक्षर बघितलं आणि हात पुढे केला. पत्र वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मग घडी घालून वहीत ठेवलं. तोंड वगैरे कोणतं घेऊन यायचं याची त्यांना फिकीर दिसली नाही.

आता आजची गोष्ट.

अकराला हवामान चालू होतं. बाबांनी रिमोट उचलला. चॅनेल गेलं, आलं. गेलं, आलं. गेलं, आलं. मी मुद्दाम अंघोळीला गेले नव्हते, दारात उभी होते, हातात पळी. बाबा घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली. मी मनातल्या मनात तुला अशा शिव्या दिल्या, की आमच्या कोर्टात त्या टाइप करायलाही परवानगी लागली असती.

सहाव्या मिनिटाला हवामान गेलं. बाबांच्या हातात रिमोट नव्हता, तो मांडीवर पडला होता. केकवाली बाई आली. मग हवामान परत. पुन्हा केक, पुन्हा हवामान. तिसऱ्या वेळी तू परत यायला एवढा वेळ लावलास की माझा जीव टांगणीला लागला. साधं बटण दाबायचं काम, पण तेही वेळेवर करशील तर शपथ.

बाबांनी वही काढली. त्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं देते. "११.०६. आतून तीन ठोके. माणूस शुद्धीवर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा." आणि दोन पाव खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेवढ्यात चहा उतू गेला, त्यालाही तूच कारण.

तेव्हा नखरे पुरे. बायकोला आज सांग, उद्या नाही. ती तुझ्यापेक्षा हुशार आहे, तिने इस्त्रीचे शर्ट मोजले असतील. आणि नोकरी गेली म्हणून तू कोणी मोठा शोकांत पुरुष झालेला नाहीस. काम गेलेला माणूस आहेस आणि इथे सहा आठवड्यांचं काम आहे. बाबांना उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून. त्यांचा डावा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, म्हणजे ते स्वतः जोर लावतात. येशील तेव्हा शिकवीन. मला १७ ला सकाळी सातला हॉस्पिटलात हजर व्हायचंय.

मॅच मी पुसलेल्या नाहीत. एकसष्टच्या एकसष्ट आहेत. बाबांच्या शेजारी बसून बघ, चॅनेल कोणाचंही हलणार नाही.

एक राहिलं. बाबांनी आजच्या ओळीत सगळं लिहिलं, पण शेवटचा रकाना कोराच ठेवला. मी म्हटलं, लिहा की आता वेळ. तर "नाही" म्हणाले. ब्रेककाकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, माणूस दारातून बाहेर येऊन समोर उभा राहिल्याशिवाय ती वेळ लिहायची नसते, असा तुझ्या बापाचाच नियम आहे.

१५ तारखेला पेन्सिलीला टोक करून ठेवते.

तुझी
ताई